परसातील कोंबड्यांचे साथीच्या रोगांपासून संरक्षण : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कोठल्याही गावात गेले, तरी घरामागील परसात पाच-दहा कोंबड्या चरताना हमखास दिसतात. कोळीवाडा असो, खारेपाटातील आगरी वस्ती असो, की डोंगरउतारावरील कातकरी वाडी असो, या चित्रात फारसा फरक पडत नाही. या कोंबड्यांना विकतचे खाद्य घालण्याची सामान्यतः चाल नाही. भात सडताना निघालेली कणी व कोंडा, सुकटीचा चुरा, घरातील उरलेसुरले अन्न आणि उकिरड्यातील किडे यांवर त्यांचे पोषण होते. रात्री त्यांना खुराड्यात किंवा डालग्याखाली झाकून ठेवले की पालनाचे काम संपले. या पाळणुकीची मालकी बहुधा घरातील स्त्रीकडे असते. अंड्यांचे व पिलांचे जे चार पैसे येतात ते मुलांच्या वह्या, दवाखान्याची वाट, माहेरी जाण्याचे एस. टी. भाडे अशा कामी तिच्या हाताने खर्च होतात. हा पैसा कोणत्याही हिशेबाच्या वहीत चढत नसल्यामुळे तो बुडाला तरी त्याची नोंद होत नाही. एखाद्या वस्तीतील सगळी खुराडी आठ-दहा दिवसांत रिकामी होतात आणि “रोग आला, कोंबड्या गेल्या” एवढ्याच शब्दांत त्या घटनेची वासलात लावली जाते.

हा ‘रोग’ म्हणजे बहुतेक वेळा मानमोडी होय. शास्त्रीय लिखाणात त्यास राणीखेत असे म्हणतात. रोगट पक्षी प्रथम मलूल होऊन पिसे फुगवून कोपऱ्यात बसतो, दाणा टाकतो, चोच उघडून धापा टाकू लागतो आणि हिरवट, पातळ विष्ठा टाकतो. पुढे विषाणूचा परिणाम मज्जासंस्थेवर झाला की पंख लुळे पडतात, पाय ओढले जातात आणि मान पिळवटून मागे किंवा एका बाजूस वळते. मराठी नाव या शेवटच्या लक्षणावरून आले आहे. (१९१८ च्या साथीत माणसांना झालेल्या इन्फ्लुएंझालाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणत, दोन्ही रोगांचे विषाणू मात्र निरनिराळ्या कुळांतील आहेत.) संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस आणि क्वचित दोन आठवडेही जातात. लस न टोचलेल्या कळपात विषाणूचा उग्र प्रकार शिरला तर जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात.

या रोगाचा इतिहास फार जुना नाही. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल या बंदराच्या परिसरात तो प्रथम ओळखला गेला. त्यानंतर लवकरच, १९२७-२८ च्या सुमारास, कुमाऊँतील राणीखेत येथे तो आढळला आणि भारतात त्यास त्या गावाचे नाव चिकटले. मुक्तेश्वर येथील ज्या सरकारी संस्थेत त्याचा अभ्यास झाला, तिचा आरंभ १८८९ मध्ये पुण्यास झाला होता आणि चार वर्षांनी ती हिमालयात हलविण्यात आली. हीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. या संस्थेने १९४० नंतरच्या दशकात कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांतून विषाणू पुनःपुन्हा वाढवून त्याची उग्रता कमी केली व त्यापासून लस तयार केली. मुक्तेश्वर वाण किंवा आर-टू-बी या नावाने ती आजही वापरात आहे. म्हणजे मानमोडीवरील हुकमी प्रतिबंधक उपाय या देशात पाऊण शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. तरीही किनाऱ्यावरील परसात कोंबड्या मानमोडीने मरतच राहिल्या आहेत. याचे कारण लसीच्या गुणात नाही. ती ज्या रीतीने दिली जाते, तिच्यात ते शोधावे लागते.

प्रथम रोग कसा पसरतो ते पाहणे इष्ट. साथ ‘वाऱ्याबरोबर येते’ अशी सार्वत्रिक समजूत आहे. दाटीने बांधलेल्या खुराड्यात श्वासावाटे संसर्ग होतो हे खरे. परंतु एका गावातून दुसऱ्या गावात विषाणू जातो तो बहुधा माणसाच्या हाताने, पायाने आणि टोपलीने. आजारी पक्ष्याच्या विष्ठेत व लाळेत तो विपुल असतो आणि सावलीतील ओलसर विष्ठेत बरेच दिवस तग धरतो. आठवडी बाजारात विकायला नेलेली व न विकली गेल्याने परत आणलेली कोंबडी हे संसर्गाचे सर्वांत सोपे वाहन आहे. माहेरहून भेट आलेली तलंग, वाट्याने सांभाळण्यासाठी दिलेली कोंबडी, जत्रेसाठी किंवा ग्रामदेवतेच्या राखणीसाठी विकत आणून दोन-चार दिवस परसात बांधलेला कोंबडा हीही त्याच जातीची उदाहरणे होत. शिमगा, गावोगावच्या जत्रा, लग्नसराई आणि श्रावणापूर्वीची गटारी या दिवसांत कोंबड्यांची ने-आण वाढते, तेव्हा रोगाचीही ने-आण वाढते.

याहून कमी लक्षात येणारी एक वाट आहे. पाहुणा आला म्हणून बाजारातून कोंबडी आणून घरीच सोलली जाते. तिची पिसे, आतडी आणि धुवणाचे पाणी परसातल्या उकिरड्यावर पडते आणि घरच्या कोंबड्या ते उकरतात. विकत आणलेली कोंबडी वरून निरोगी दिसत असली तरी रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत असू शकते. किंबहुना ज्याच्या खुराड्यात मर सुरू होते, तो माणूस उरलेल्या कोंबड्या तातडीने विकूनच टाकतो, त्यामुळे अशी कोंबडी बाजारात असण्याचा संभव नेहमीपेक्षा अधिक असतो. या वागण्यास दोष देणे सोपे आहे. पण सहा कोंबड्यांपैकी दोन मेल्यावर उरलेल्या चारांचे पैसे करून घेऊ पाहणाऱ्या बाईसमोर दुसरा कोणताही मार्ग ठेवलेला नसतो, हे ध्यानात घेतल्याखेरीज तिला उपदेश करण्यात अर्थ नाही.

मानमोडीवर औषध नाही. हळद, लसूण, कांद्याचा रस किंवा दुकानातील प्रतिजैविक गोळी यांनी विषाणू मरत नाही. काही पक्षी आपोआप वाचतात आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. तेव्हा सारा भर लसीकरणावर येतो. नेहमीची पद्धत अशी : पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा किंवा एफ या सौम्य वाणाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत घालावयाचा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचावयाची. परसातील पक्षी दीर्घकाळ ठेवले जात असल्यामुळे सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा लस देणे हितावह असते. आर-टू-बी लस सहा आठवड्यांखालील पिलास देऊ नये. ती त्या वयास झेपत नाही व पिलू तिनेच आजारी पडण्याची भीती असते. टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या घरी मर सुरू झाल्यावर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. ही लस कुपीत कोरड्या स्वरूपात येते. एका कुपीत निदान १०० मात्रा असतात. २००, ५०० व १००० मात्रांच्याही कुप्या असतात. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की एक-दोन तासांत संपवावी लागते. ज्या व्यापारी शेडमध्ये एका छपराखाली पाच हजार पक्षी आहेत, तेथे ही रचना सोयीची आहे. सात कोंबड्यांच्या घराला तिचा उपयोग नाही. सात मात्रा वापरून त्र्याण्णव फेकून द्यावयाच्या, तर दवाखान्यातील अधिकारी कुपी उघडणार नाही आणि त्याचे तसे करणे गैरही म्हणता येणार नाही. घरधनीण एकदा डालगे घेऊन दवाखान्यापर्यंत जाते, ‘आणखी कोंबड्या आल्या की बघू’ असे ऐकून परतते आणि पुन्हा जात नाही. शिवाय दवाखान्याच्या आवारात निरनिराळ्या गावांच्या कोंबड्या एकत्र आणणे हाच एक धोका आहे.

हिशेब घराऐवजी वस्तीचा केला की हीच अडचण नाहीशी होते. पंधरा घरांची वस्ती आणि घरटी सात पक्षी धरले, तर १०५ पक्षी होतात. शंभराची कुपी अर्ध्यापाऊण तासात संपते. म्हणजे मालकी घराची असली तरी संरक्षणाचे एकक वस्ती हेच असले पाहिजे. रोगाच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. मोकाट चरणाऱ्या कोंबड्यांना कुंपण माहीत नसते. एका घराने लस टोचली आणि चौघांनी टोचली नाही, तर त्या चौघांच्या परसात विषाणू खेळत राहतो. येथे हेही सांगितले पाहिजे की मानमोडीची लस पक्ष्याला आजारापासून व मरणापासून वाचविते. संसर्ग आणि विष्ठेतून होणारा विषाणूचा उत्सर्ग ती पूर्णपणे थांबवीत नाही. लस टोचलेली कोंबडी स्वतः ठणठणीत राहून शेजारच्या न टोचलेल्या पिलांना रोग देऊ शकते. अर्धवट लसीकरण झालेल्या वस्तीत ‘लस आणली तेव्हापासून रोग वाढला’ अशी जी तक्रार कधी ऐकू येते, तिच्यात अंधश्रद्धेपेक्षा निरीक्षणाचाच भाग अधिक असू शकतो.

वस्तीवार लसीकरणाच्या आड एकच खरी अडचण येते आणि ती वयाची. गावठी कोंबडी खुडूक बसते ती आपल्या मर्जीने. त्यामुळे कोणत्याही दिवशी वस्तीत चार दिवसांची, महिन्याची आणि तीन महिन्यांची पिल्ले एकाच वेळी सापडतात. एका ठरलेल्या दिवशी सर्वांना एकच लस देता येत नाही. यावर दोन तोडगे संभवतात. एक म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी लसीकरणाचा दिवस ठरवून त्या दिवशी लहान पिलांसाठी थेंबाची आणि मोठ्यांसाठी टोचण्याची अशा दोन कुप्या आणणे. दुसरा तोडगा घरातील बायकांच्याच हातात आहे. खुडूक कोंबडीखाली अंडी केव्हा ठेवावयाची हे शेवटी मालकीणच ठरविते. चार घरांनी ठरवून एकाच आठवड्यात अंडी ठेवली, तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास सर्व पिल्ले निघतात आणि त्यांचे वय जुळते. बचत गटाच्या मासिक बैठकीत हा निर्णय घेण्यास दोन मिनिटे पुरतात. दुर्दैवाने कुक्कुटपालनाच्या योजनांत पिल्ले वाटण्यास जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे वाटलेली पिल्ले जगविण्याच्या या साध्या नियोजनास दिले जात नाही. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती परसासाठी चांगल्या आहेत. परंतु लस न टोचलेली सुधारित कोंबडी मानमोडीने गावठीइतकीच सहज मरते आणि नुकसान मात्र अधिक करते.

लस देण्याची वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठेवावी. दिवसा नारळी-पोफळीच्या वाडीत पळणाऱ्या कोंबड्या धरण्यात वेळ जातो, लस उन्हात तापते आणि निम्मे पक्षी हुकतात. अंधार पडल्यावर त्या डालग्याखाली असतात आणि हाती लागतात. गावातीलच एखाद्या तरुण मुलीला किंवा बाईला डोळ्यात थेंब घालण्याचे शिक्षण देणे अवघड नाही. आफ्रिकेतील मोझांबिक, टांझानिया या देशांत गावकऱ्यांनीच हे काम चालविले आहे. तेथे वापरली जाणारी आय-टू ही लस ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात उष्णता सोसणाऱ्या वाणापासून तयार झाली. बर्फपेटीवाचून ती काही काळ टिकते आणि दर चार महिन्यांनी डोळ्यात थेंब घालून दिली जाते. भारतातही तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने परसातील कोंबड्यांसाठी दाण्याप्रमाणे खाऊ घालता येणारी लस तयार केली आहे. वीज वारंवार जाणाऱ्या आणि रस्ता खाडीने तुटलेल्या वस्त्यांना अशा लसींचा विशेष उपयोग आहे.

मानमोडीची इतकी चर्चा करण्यास आणखी एक कारण आहे आणि ते अलीकडचे आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा, म्हणजे पक्ष्यांच्या एच५एन१ इन्फ्लुएंझाचा, पहिला उद्रेक जाहीर झाला. तो मोठ्या व्यापारी शेडमधील होता. परंतु पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तो घरगुती कोंबड्यांत निघाला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील कोंबड्यांबरोबरच दापोलीतील कावळे आणि ठाण्यातील बगळेही या साथीत मेल्याचे निष्पन्न झाले. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, वेहळोली येथे, रोग निघाला. आणि २०२५ च्या जानेवारीत तो रायगड किनाऱ्यावर आला. उरण तालुक्यातील चिरनेर, २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ज्याचे नाव महाराष्ट्रास ठाऊक आहे तेच हे गाव, येथे कोंबड्या मरू लागल्या. तपासणीत बर्ड फ्लू निश्चित झाला आणि एक किलोमीटर परिघातील हजारापेक्षा अधिक पक्षी नष्ट करण्यात आले. दहा किलोमीटरपर्यंतचा प्रदेश निरीक्षणाखाली ठेवण्यात आला.

उरणची भूमी या रोगास अपरिचित राहील, असे मानण्यास कधीच आधार नव्हता. पाणजे, भेंडखळ या परिसरातील पाणथळींवर हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. बदकांसारख्या काही पक्ष्यांत हा विषाणू फारशी लक्षणे न दाखविता राहू शकतो आणि त्यांची विष्ठा खाजणात, साचलेल्या पाण्यात, कापणीनंतरच्या भातशेतात पडते. थंड पाण्यात विषाणू अनेक दिवस टिकतो. त्या पाण्यावर परसातील कोंबडी गेली किंवा तेथे चरलेला कावळा मासळी वाळविण्याच्या ओट्यावर कोंबड्यांत येऊन बसला की साखळी पुरी होते. कोळीवाड्यात कावळे आणि कोंबड्या एकाच सुकटीवर चोच मारतात, ही गोष्ट म्हणूनच क्षुल्लक नव्हे. अर्थात पाहुण्या पक्ष्यांना हाकलणे वा मारणे हा उपाय नाही. त्याने कळप विखुरतात आणि विषाणू अधिक दूर जातो. पाणथळी बुजविल्यानेही हेच होते. हुसकलेला पक्षी भातखाचरांकडे आणि वस्तीकडे सरकतो.

बर्ड फ्लूच्या या उग्र प्रकाराविरुद्ध कोंबड्यांना लस टोचण्याचे धोरण भारताने स्वीकारलेले नाही. रोग लवकर शोधावयाचा आणि त्या जागेभोवतीचे पक्षी नष्ट करावयाचे, हाच येथील मार्ग आहे. सारे काही ‘लवकर’ या शब्दावर अवलंबून आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी मानमोडी आड येते. दोन्ही रोगांत पक्षी पटापट मरतात. निळसर पडलेला तुरा, सुजलेला चेहरा यांसारखी चिन्हे बर्ड फ्लूची म्हणून सांगितली जातात खरी, पण ती प्रत्येक वेळी दिसतातच असे नाही आणि नुसत्या डोळ्यांनी निदान करण्याचे धाडस अनुभवी पशुवैद्यही करीत नाही. निर्णय भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतील तपासणीने होतो. ज्या गावात दर एक-दोन वर्षांनी मानमोडीने खुराडी रिकामी होतात, त्या गावाला कोंबड्यांचे मरण ही कळविण्यासारखी बातमीच वाटत नाही. मानमोडीचे लसीकरण नीट झाले असेल, तर मात्र पाच कोंबड्या एकदम मरणे ही असाधारण घटना ठरते आणि गाव चौकशी करू लागते. एका रोगावरील लस दुसऱ्या रोगाची घंटा बनते, ती अशी.

कळविण्याचे कर्तव्य कायद्यानेही सांगितले आहे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाची शंका आल्यास मालकाने ग्रामपंचायतीस किंवा गावपातळीवरील अधिकाऱ्यास आणि त्यांनी नजीकच्या पशुवैद्यास खबर द्यावयाची असते. परंतु केवळ कायद्याने तोंड उघडत नाही. २०२१ च्या साथीत नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी जी भरपाई होती, ती आठ आठवड्यांवरील अंड्यावरच्या कोंबडीस ९० रुपये व सहा आठवड्यांवरील मांसाच्या कोंबडीस ७० रुपये अशी होती. हे दर व्यापारी कोंबडी डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेले होते. गावठी कोंबडी किंवा कोंबडा अलिबाग-पेणच्या बाजारात याच्या कितीतरी पटीने विकला जातो. शिवाय भरपाई नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. या दुसऱ्या नियमाची माहिती गावास असती तर तो लवकर खबर देण्यास प्रोत्साहनच ठरला असता. पण ती साथ आल्यावर सांगितली जाते. गावठी पक्ष्यासाठी वेगळा व वाजवी दर ठरविणे आणि ती रक्कम विनाविलंब घरधनिणीच्या हाती पोचविणे, हा खर्च नसून रोगनियंत्रणाचाच एक भाग मानला पाहिजे. तो न मानल्यास आजारी कोंबड्या रात्रीतून दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे जातील आणि एक किलोमीटरचे वर्तुळ नकाशावरच राहील.

माणसाच्या दृष्टीने दोन गोष्टी पुरेशा आहेत. नीट शिजविलेले मांस व अंडी यांपासून बर्ड फ्लूचा धोका नाही. ७० अंश सेल्सिअसच्या वर विषाणू मरतो आणि मराठी घरातील रस्सा त्याहून पुष्कळ अधिक तापतो. आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळणे, सोलणे आणि मुलांनी तिच्याशी खेळणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. भारतात या विषाणूने झालेला पहिला नोंदलेला मानवी मृत्यू जुलै २०२१ मधील असून तो हरियाणातील एका मुलाचा होता. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नये, शिवल्यास हात साबणाने धुवावेत. साबणाने या विषाणूचे बाह्य आवरण फुटते.

घरातल्या घरात करता येण्याजोगे जे उपाय आहेत, त्यांत नव्या पक्ष्यास वेगळे ठेवणे हा पहिला. विकत, भेट वा वाट्याने आलेली कोंबडी, तशीच बाजारातून परत आलेली स्वतःचीच कोंबडी, दोन आठवडे निराळ्या डालग्याखाली, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूस ठेवावी आणि तिचे दाणापाणी घरच्या कोंबड्यांचे झाल्यावर शेवटी करावे. राखणीचा कोंबडा दोन आठवडे आधी कोणी आणीत नाही, हे खरे. मग तो निदान कोंबड्या पोचणार नाहीत अशा पडवीत बांधावा. सोललेल्या कोंबडीची घाण उकिरड्यावर न टाकता पुरावी. कोंबड्यांचे पाणी खापरात रोज ताजे भरावे, म्हणजे त्या खाजणाकडे कमी जातात. बाजारात वापरलेली पाटी व चपला धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. बांबूच्या डालग्याच्या विणीत विष्ठा अडकून राहते. ते साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने (शंभर भाग पाण्यास चार भाग सोडा) घासून दिवसभर उन्हात ठेवावे. खुराड्याच्या जमिनीवर चुना मारण्याची जुनी रीत उत्तम आहे आणि ती का बंद पडत चालली आहे याचे कारण सांगणे कठीण आहे. पावसाळ्यात हे सारे उपाय लुळे पडतात. त्या काळात डासांमार्फत पसरणारी कोंबड्यांची देवी आणि ओल्या जमिनीतून होणारी रक्ती हगवण हे दोन रोग अधिक त्रास देतात. देवीवर लस आहे; हगवणीवर जमिनीपासून हातभर उंच, फळ्यांचे खुराडे हाच निम्मा उपाय आहे.

मेलेले पक्षी खाडीत, ओढ्यात किंवा बांधावर फेकण्याची सवय किनाऱ्यावर फार आहे. भरतीबरोबर ते दुसऱ्या गावच्या काठास लागतात आणि तेथले कुत्रे-कावळे त्यांची पुढची व्यवस्था करतात. खारेपाटात पाणी हातभर खोलीवर लागत असल्यामुळे खड्डा उंचवट्यावर, विहिरीपासून दूर खणावा. पक्ष्यांवर चुना टाकून निदान दोन-तीन फूट माती चढवावी आणि वर काटेरी फांद्या किंवा दगड ठेवावेत. साथ ओसरल्यावर खुराडे लगेच भरू नये. आतील भुसा-पेंढा जाळून, जमीन खरवडून व चुना मारून ते तीन-चार आठवडे रिकामे ठेवावे. त्यानंतरही एकदम दहा पिल्ले न आणता लस टोचलेले दोनच पक्षी आणून पंधरा दिवस पाहावेत. ते चांगले राहिल्यास बाकीचे आणण्यास हरकत नाही. बर्ड फ्लू निघालेल्या गावात मात्र नवे पक्षी केव्हा आणावयाचे ते पशुसंवर्धन खाते जाहीर करते आणि तोवर खुराड्याचे दार उघडेच ठेवावे लागते.